लॉनमधलं 'ते' गवत उपटलं की दुप्पट येतंय? आधी काडी बोटात फिरवून बघा

वळवाचे दोन पाऊस पडून गेले की आमच्या गल्लीत एकच विषय. लॉन छान होतं हो, आणि अचानक मधूनच उभी पाती वर यायला लागली, परवाच मशीन फिरवलं होतं, तिसऱ्या दिवशी परत बोटभर वर. बाकीचं गवत आहे तिथंच आणि हेच एवढं ताठ उभं. मग कुणीतरी स्टूल घेऊन बसतं, अख्खी दुपार उपटत बसतं, बादली भरते, समाधान वाटतं, आणि आठ-दहा दिवसांत आधी होतं त्यापेक्षा जास्त.

मी हे सगळं दोन वर्षं केलेलं आहे म्हणून लिहितेय. आमचं घर बेळगावात भाग्यनगरच्या बाजूला, पुढं वीस बाय वीसचं लॉन, म्हणजे ४०० चौरस फूट, काही मोठी बाग नव्हे. २०२१ च्या जूनमध्ये मेक्सिकन (लॉनच्या बारीक पानाच्या गवताची एक जात) लावलं. लावणाऱ्यानं खाली दोन ट्रॉली तांबडी माती आणि वर शेणखत टाकलं, आम्ही कौतुकानं बघत होतो. त्याच मातीतनं काय काय आलंय ते पुढच्या पावसाळ्यात कळलं.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही केल्याशिवाय पुढचं काही करू नका. त्या उभ्या पात्याची काडी मुळाजवळ धरा आणि अंगठा आणि बोटाच्या मध्ये फिरवून बघा. गोल फिरली किंवा चपटी लागली तर ते गवत. फिरताना अडखळली, तीन कडा बोटाला लागल्या, तर तो लव्हाळा, आणि लव्हाळा हे गवतच नव्हे. दिसायला गवत, कूळ वेगळं. नागरमोथ्याचा सख्खा भाऊ, तोच तो आपण दिवाळीच्या उटण्यात घालतो तो नागरमोथा. ह्याच कारणानं गवतावरचे उपाय त्याच्यावर चालत नाहीत आणि त्याच्यावरचे गवतावर चालत नाहीत, आणि निम्म्या लोकांचे पैसे इथंच जातात. मी स्वतः पहिल्या वर्षी दुकानात जाऊन फक्त 'लॉनमध्ये तण आलंय' एवढंच सांगितलं, त्यांनी रुंद पानाच्या तणाचं टू-फोर-डी नावाचं तणनाशक दिलं, मारलं, लव्हाळ्याची वरची पाती जरा करपली आणि वीस दिवसांनी साहेब परत हजर. वर शेजारच्यांच्या टोमॅटोची पानं वाकडी झाली ती वेगळीच. वाऱ्यावर उडतंय ते औषध, टोमॅटो, पपई, द्राक्ष असल्या झाडांना ते अजिबात सोसत नाही, तेव्हा ते घराघरांच्या दाटीत मारूच नये असं माझं आता स्पष्ट मत आहे.

दुकानात भाषेचाही घोळ होतो. आपण लव्हाळा म्हणतो, काउंटरवरच्या पोराला कळत नाही. कन्नडमध्ये 'जेकु' म्हणा, नाहीतर 'कोन्नारी गड्डे' म्हणा, लगेच कळतंय. हराळीला 'गरिके' किंवा 'करिके'. आणि शक्यतो एक झाड मुळासकट पिशवीत घालून न्या, निम्मं बोलणं वाचतंय. गावाकडं असाल तर होबळीच्या (म्हणजे आपल्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात, सरकारी शेती कचेरीत, नेऊन दाखवलं तरी चालतं, ते बघून सांगतात.

आता ओळख जरा नीट सांगते कारण सगळं त्यावरच आहे.

लव्हाळ्याची पानं तीन बाजूंना फुटतात, वरनं बघितलं की तीन दिशा स्पष्ट दिसतात. पान गडद हिरवं, तुकतुकीत, मधे खोलगट पन्हाळीसारखी रेघ. फुलोरा आला तर छत्रीच्या काड्यांसारखा, तांबूस तपकिरी रंगाचा. आणि हळूच खुरप्यानं उकरून काढलात तर खाली काळपट तपकिरी गाठ मिळते, फोडली की आत पांढरी आणि तोच मोथ्याचा वास. त्या गाठीपासून दोरा निघालेला असतो, दोऱ्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिथनं तिसरी. माळच म्हणा की.

अजून एक पोरगं असतं लव्हाळ्याच्याच घरातलं, बुटकं, त्याच्या टोकाला पांढरी गोल गोळी येते, मोत्यासारखी. काडी त्याचीही तीन धारेची. पण ह्याला गाठींची माळ नसते, नुसता आडवा दोरा जमिनीलगत पळतो, त्यामुळं ते हातानं खरवडून निघतंय. जिथं गॅलरीचं पाणी पडतं किंवा नळ गळतो तिथं हमखास. नळ दुरुस्त करा, निम्मं काम तिथंच.

हराळी तर सगळ्यांना माहीत, गणपतीला वाहतो त्याच दूर्वा. पण मेक्सिकनमध्ये मिसळली की सुरुवातीला ओळखू येत नाही. मेक्सिकनचं पान सुईसारखं बारीक, ताठ, दाट, अनवाणी चाललं की टोचतं. हराळीचं पान मऊ, जरा राखाडी हिरवं, आणि पान काडीला जिथं चिकटतं तिथं बारीक पांढऱ्या केसांचं कडं असतं, चष्मा लावून बघा. तुरा आला तर हाताच्या बोटांसारखा, तीन ते सहा बोटं. आणि धावते वरनं पण, जमिनीखालनं पण.

तिसरी राननाचणी. आपल्या खानापूर-जांबोटीकडच्या लोकांना शिकवायला नको, नाचणीच्याच नात्यातली आहे, तुरा बघितला की कळतं. जमिनीला चक्रासारखी चपटी पसरते, बुंधा चपटा आणि पांढरट चंदेरी, आणि उपटायला गेलं की पाती हातात येतात आणि मूळ तिथंच. जाण्यायेण्याच्या वाटेवर, माती दबलेल्या जागी जास्त. तिच्यासारखंच एक आडवं पसरणारं, पेराला मुळं सोडणारं रुंद पानाचं गवत जून-जुलैमध्ये येतं. ही दोन्ही एका वर्षाची पाहुणी, बियांवर येतात, बिया व्हायच्या आत काढली की विषय संपला. पाऊस उघडल्यावर माती ओली असताना काढायची, खुरप्याचं टोक खाली घालून. आणखी काही लिहिण्यासारखं त्यात नाही. (काँग्रेस गवताबद्दल पण दरवेळी कुणीतरी विचारतं. ते नावापुरतंच गवत, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. लॉनमध्ये आलं तर फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटायचं, अंगाला खाज सुटते.)

तेव्हा खरी डोकेदुखी दोनच, लव्हाळा आणि हराळी.

लव्हाळा उपटल्यावर वाढतो कसा, हे मला समजायला दोन पावसाळे गेले. त्या गाठींच्या माळेत जी टोकाची, जोरात असलेली गाठ असते ती बाकीच्यांना दाबून ठेवते, त्या झोपलेल्या असतात. आपण वरनं हिसका मारतो, पाती येतात, फार तर एक गाठ येते, दोरा तुटतो, आणि खालच्या झोपलेल्या दोन-तीन गाठी सुट्या होतात आणि प्रत्येकीला कोंब फुटतो. म्हणजे एका जागी तीन. मी दुपारभर बसून लव्हाळ्याची लागवडच करत होते म्हणायची. आणि आमच्या ह्यांनी एकदा उत्साहानं कुदळीनं तो कोपरा खणून माती उलटीपालटी केली, तेव्हा तर बघायलाच नको, गाठी सगळीकडं पसरल्या आणि पुढच्या महिन्यात जिथं नव्हता तिथंही आला.

हे मला कुठल्या तज्ज्ञानं नव्हे, वडगावच्या भाजीवाल्या मावशींनी सांगितलं. मेथी घेता घेता मी सहज रडगाणं लावलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, मोठा झाल्यावर उपटून काय उपयोग? खाली पिल्लं घातली की त्यानं. कोवळा असतानाच काढायचा, दर आठवड्याला, खुरपं घेऊन बसायचं नुसतं." मला वाटलं शेतातलं शेतात. नंतर वाचलं तेव्हा कळलं की अगदी बरोबर आहे. कोंब वर येतो तो गाठीतल्या साठ्यावर येतो. पाच-सहा पानं होईपर्यंत तो खालचं खातो, गाठ रिकामी होत असते. त्यानंतर उलटं सुरू होतं, पानं वर अन्न बनवतात आणि खाली पाठवतात, आणि तीनेक आठवड्यांत नव्या गाठी बांधायला लागतात. म्हणून पाचव्या पानाच्या आत काढला तर गाठीचं नुकसान, पाचव्या पानानंतर नुसती पाती काढलीत तर तोवर त्याची पुढची सोय झालेली असते.

आता हातानं काढायची पद्धत, मी करते ती.

दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, वीस मिनिटं. एवढंच. लांब पातळ पात्याचं खुरपं घ्यायचं, रुंद नको. कोंबाच्या शेजारी सरळ खाली वीतभर घालायचं, माती जरा सैल करायची, आणि कोंब बुडाशी धरून सावकाश वर घ्यायचा, हिसका नाही. गाठ आली तर उत्तम, नाही आली तरी चालेल, कारण कोवळा आहे, गाठीला परत साठ्यातनं खर्च करायला लागणार. पहिले दोन महिने काही फरक पडल्यासारखं वाटत नाही, उलट जास्तच दिसतात, कारण झोपलेल्या गाठी जाग्या होत असतात. इथंच सगळे कंटाळतात आणि एक महिना सोडतात, आणि मग परत पहिल्यापासून. पाऊस आहे म्हणून, लग्न आहे म्हणून सुट्टी घेतली तरी तीन आठवड्यांच्या वर जाऊ देऊ नका, लग्नाला जायच्या आधी एक चक्कर मारून जा.

आणि आधीच मोठा झालेला, फुलोरा आलेला असेल तर? तो सगळा ढेकूळच काढायचा, आठ-दहा इंच खोल, चारी बाजूनं सोडून, माती घमेल्यात घेऊन चाळायची आणि गाठी वेचायच्या. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात. त्या वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, कुंडीत तर नाहीच. गाठीला मारायचा एक साधा मार्ग आहे, वाळवणे. एप्रिल-मेमध्ये स्लॅबवर कुरडया घालतो तशा पसरून टाका, दोन आठवडे कडक ऊन, सुरकुतल्या की कचऱ्यात. पावसाळ्यात हे जमत नाही, तेव्हा बरणीत बंद करून ठेवा नाहीतर सरळ चुलीत.

मीठ टाका, उकळतं पाणी ओता, व्हिनेगर फवारा, हे सगळं मला लोकांनी सांगितलं आणि मी त्यातलं मीठ सोडून सगळं केलं. पाती करपतात, गाठीला काही होत नाही. मिठानं लव्हाळ्याआधी तुमचं लॉनच मरेल आणि माती खराब होईल ते वेगळं.

काळं प्लास्टिक अंथरायचं असंही सांगतात. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो काळ्या कागदाला भोक पाडून वर येतो, मी बघितलंय. गंमत म्हणजे पारदर्शक कागदातनं त्याला तेवढं सहज येता येत नाही. उजेड मिळाला की खालीच पान उलगडतं, मऊ होतं, कागदाखाली अडकतं आणि भाजतं. म्हणजे लॉन लावायच्या आधीची मोकळी जागा असेल तर एप्रिलमध्ये पाणी मारून पारदर्शक कागद चारी कडा मातीत दाबून सहा आठवडे ठेवला तर बियांची गवतं बरीच मरतात, लव्हाळा कमी होतो. संपत नाही हं. आपल्या बेळगावच्या उन्हाळ्याला अथणी-गोकाकसारखा कडका नाही, आणि मधेच वळीव येऊन सगळं गार करून जातो. तयार लॉनवर तर हे करताच येत नाही, लॉनही भाजेल.

आता औषधाचं. हे नीट वाचा, अर्धवट वाचून दुकानात पळू नका.

माझा मावसदीर हुक्केरीकडं ऊस करतो. तिकडं लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल ७५ टक्के हे तणनाशक वापरतात, बाजारात सेम्प्रा नावानं मिळतं. हे निवडक आहे, लव्हाळ्याच्या घराण्याला मारतं आणि गवताला सहसा सोडतं, मेक्सिकन आणि हराळी दोन्हीला सोसतं. पण पाकिटावर पीक म्हणून ऊस लिहिलंय, लॉन नाही, त्यामुळं मारायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, आणि मारायचंच असेल तर आधी वीतभर कोपऱ्यात मारून तीन आठवडे थांबावं. मी हातानं वर्षभर करून, लव्हाळा निम्म्यावर आल्यावर, उरलेल्या हट्टी भागासाठी मारलं.

मात्रेतच सगळी फसगत होते. उसाला एकरी ३६ ग्रॅम. एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे गुंठ्याला १ ग्रॅमला पण कमी. आमच्या ४०० चौरस फुटाला हिशोब येतो एक तृतीयांश ग्रॅम. चमच्यानं कसं मोजणार? शेजारच्या अक्कांनी 'एक चमचा पंपाला' असं अंदाजानं टाकलं आणि त्यांच्या लॉनला दोन महिने पिवळेपणा, आणि कडेची झेंडू-मिरची सगळी आखडून बसली. ह्या औषधाचा थोडा अंश सुद्धा बऱ्याच भाजीपाल्याला चालत नाही. तर आम्ही असं केलं. गल्लीतल्या तीन घरांची लॉनं साधारण सारखीच, मिळून १२०० चौरस फूट. एकूण १ ग्रॅम लागतं. ऑनलाइन मिळतो तो खिशातला छोटा डिजिटल काटा घेतला, फक्त औषधासाठी, स्वयंपाकघरात आणायचा नाही. १ ग्रॅम मोजून १ लिटर पाण्यात विरघळवलं, त्याचे तीन सारखे भाग केले, आणि प्रत्येकीनं आपला भाग पावणेदोन-दोन लिटर पाणी होईल एवढा वाढवून, त्यात थोडं स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) घालून, आपल्या लॉनवर संपवला. शिल्लक काही राहिलं नाही, गटारात ओतायला लागलं नाही. पाकिटातलं उरलेलं मावसदिराकडं परत. घरात उघडं पाकीट ठेवायचं नाही, त्यातनं लहान पोरं असतील तर मुळीच नाही.

मारायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस मशीन फिरवायचं नाही, पान असलं पाहिजे औषध घ्यायला. लव्हाळा वाढीत असला पाहिजे, उन्हानं सुकलेल्याला काही होत नाही. मारल्यावर दुसऱ्या दिवशी जाऊन बघू नका, काहीही दिसणार नाही, दोन-तीन आठवड्यांनी पिवळा पडायला लागतो आणि तोवर तुम्हाला वाटतं फसवलं दुकानदारानं. घाई करून परत मारू नका. सहा-आठ आठवड्यांनी जे नवीन कोंब येतील त्यांना बघून ठरवा, मी दुसऱ्या वेळेला मारलं नाही, खुरप्यानंच काढले. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि पंप वेगळा. त्या पंपानं परत कधी गुलाबाला किंवा भाजीला काही मारायचं नाही, कितीही धुतला तरी.

आणि आपल्याकडं सगळ्यात अवघड आहे दिवस निवडणं. बेळगावचा जुलै-ऑगस्ट म्हणजे झड, आठ-आठ दिवस उघडत नाही, फवारलं की धुऊन जातं. आपल्याला दोनच वेळा मिळतात. एक म्हणजे वळवानंतर, मेच्या शेवटी, लव्हाळा पालवतो आणि अजून मृग लागायचा असतो तो मधला आठवडा. दुसरी सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबर, परतीच्या पावसाच्या मधल्या उघडिपीत. मी दुसरी वेळ धरली, नवरात्राच्या आधी. थंडीत मारून पैसे घालवू नका, डिसेंबर-जानेवारीत तो आणि मेक्सिकन दोघंही गारठून बसलेले असतात.

ग्लायफोसेट ह्या तणनाशकाबद्दल विचाराल. बांधावर सर्रास मारतात ते. ते लव्हाळ्याच्या गाठीपर्यंत जातं हे खरं, पण ते लॉनलाही तसंच मारतं, फरक करत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं त्यावर बंधन घातलंय, परवानाधारक कीड नियंत्रण वाल्यांनीच वापरायचं असं. आणि पॅराक्वाट हे दुसरं तणनाशक कुणी सुचवलं तर हात जोडा, ते पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, लॉनच्या हौसेपायी असली बाटली घरात आणायची गरज नाही.

हराळीकडं येते. इथं माझं आणि सासूबाईंचं एकमत नाही. त्या म्हणतात, दारात दूर्वा उगवतात आणि ही पोरगी उपटून टाकते. मेक्सिकनमधली हराळी मारणारं आणि मेक्सिकनला सोडणारं औषध घरगुती लॉनवाल्यासाठी मला मिळालेलं नाही, दोघंही गवतच, त्यामुळं हातानंच. तिचा ठिपका ताटाएवढा असतानाच चौकोन आखून सहा इंच माती सकट काढायचा, पांढरे दोरे संपेपर्यंत बाजूला माग काढत जायचं, एक पेर राहिलं तरी पुरतं तिला. मग खड्ड्यात चांगली माती भरून आपल्याच लॉनच्या कडेचे मेक्सिकनचे तुकडे लावायचे. रस्त्याच्या बाजूनं शिरत असेल तर कंपाउंडच्या आतनं वीतभर रुंद पट्टी मोकळी ठेवून खडी टाका आणि धावत येणारी टोकं तिथंच कापत चला. हराळीला सावली सोसत नाही, त्यामुळं लॉन दाट झालं की ती मागं हटते.

पण अर्ध्याहून जास्त लॉन हराळीनं घेतलं असेल तर माझा सल्ला, सोडून द्या आणि हराळीचंच लॉन करा. खरंच सांगते. एप्रिलमध्ये राकसकोप धरणाचं पाणी कमी झालं की आपल्याकडं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतंय, तेव्हा मेक्सिकन पिवळं पडतं आणि हराळी तग धरते, वळीव पडला की चार दिवसांत हिरवी. महिन्याला दोनदा कापायला लागते एवढंच. नर्सरीत 'सिलेक्शन वन' म्हणून देतात ती पण हराळीचीच बारीक जात आहे, लोक पैसे देऊन लावतात तिला.

लॉन फार बुटकं कापू नका. आमचा मशीनवाला सुरुवातीला टक्कल करून जायचा, 'परत लवकर यायला नको' म्हणून. बुटक्या लॉनमध्ये ऊन मातीपर्यंत पोचतं आणि लव्हाळ्याला तेच हवं असतं, सावलीत तो रोडावतो. आता इंच-दीड इंच ठेवायला सांगते. आणि तो आधी कुणाच्या घरचं कापून आला असेल तर मशीनची पाती आणि तळ आमच्या फाटकाबाहेर झाडून घ्यायला लावते, राननाचणीच्या बिया अशाच घरोघर फिरतात. त्याला राग येतो, येऊ दे. पाण्याचं म्हणाल तर रोज शिंपडा मारू नका, दोन-तीन दिवसांनी एकदा पोटभर द्या. मात्र 'पाणी जास्त म्हणूनच लव्हाळा' हे पूर्ण खरं नाही, तो कोरड्यातही येतो, गाठी आल्यात म्हणून येतो.

गाठी मातीतनं येतात. नवीन लॉन करणार असाल किंवा खड्डे भरायला माती आणणार असाल तर ट्रॉली ओतून घ्यायच्या आधी चार ठिकाणची दोन-दोन ओंजळी माती एका रुंद कुंडीत घाला, पाणी घाला, उन्हात ठेवा, पंधरा-वीस दिवस थांबा. काय उगवतंय ते बघा. तीन धारेचा कोंब आला तर ती माती कितीही लालचुटूक आणि भुसभुशीत असली तरी नको म्हणून सांगा. शेतातली वरची माती असेल तर गाठी असणारच, त्यापेक्षा घराचा पाया खणलेली खालची माती घेऊन त्यात कुजलेलं खत मिसळलेलं परवडलं. शेणखत पूर्ण कुजलेलं घ्या, हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर अजून सहा महिने पडू दे. लॉनच्या तयार लाद्या घेतल्यात तर प्रत्येक लादी उलटी करून बघा, खाली काळे मणी दिसले की परत. नर्सरीतनं आणलेल्या कुंड्यांवरही नजर ठेवा, आमच्याकडं दुसऱ्यांदा लव्हाळा आला तो एका जास्वंदीच्या पिशवीतनं.

सध्या आमच्याकडं काय स्थिती म्हणाल तर गेलेला नाही. पहिल्या वर्षी रविवारी बादली भरायची, आता मूठभर. परवाच्या रविवारी पाणी मीटरच्या पेटीजवळ नऊ कोंब मिळाले, दोन तुळशीवृंदावनाच्या पायाशी. काढून कठड्यावर ओळीनं लावून मोजलेच मी, पाचवं पान एकालाही आलेलं नव्हतं.